बोर्डाच्या वर

चंद्रपूरच्या बाजारपेठेतली जुनी दुकानं बघायची तर सकाळी सातच्या आत. एकदा शटर उघडली, गाड्या लागल्या की जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंत मान वर करायची सोय राहत नाही. आणि केली तरी दिसतात साड्यांचे नि मोबाईलचे बोर्ड. पण या बोर्डांच्या वरच्या अंगाला कुठे कुठे अजून सागवानी खांब आहेत, लाकडी कठडा आहे, कवेलूचं उतरतं छप्पर आहे. खाली काच आणि ॲल्युमिनियम, वर पणजोबांची माडी.

किल्ल्याला राजा असतो, मंदिराला देव असतो. दुकानाला नुसता मालक. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने शहर वसवलं, राणी हिराईने पती बीरशहाची समाधी उभारली, महाकालीचं मंदिर बांधलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोशाचं कापड कोणत्या ओट्यावर मोजलं जायचं, तांदळाचं पहिलं कोठार कोणी बांधलं, हे विचारा. कोणी सांगणार नाही. खरं तर जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांचा एवढा मोठा परकोट उभा राहिला, तो राजवाड्याइतकाच या ओट्यांच्या भरवशासाठी. व्यापारी उघड्यावर वखार घालत नाही. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी हा परकोट फोडला आणि शहर लुटलं गेलं. लुटीच्या वेळी दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यांचं काय झालं असेल, ते इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागत नाही.

या जुन्या दुकानांची बांधणी साधी, पण विचारपूर्वक केलेली. रस्त्याला लागून ओटा, ओट्यामागे दुकान, त्यामागे माल, मग थोडं अंगण, आणि माडीवर कुटुंब. दाराला पल्ले नसत, फळ्या असत. उंबऱ्याच्या नि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक फळी सरकवायची. क्रम चुकू नये म्हणून फळीवर आकडा घातलेला. दुकान लावायला वेळ लागे, आणि त्या वेळात शेजारच्या दुकानदाराशी दिवसभराचा हिशेब बोलून होई. शटर एका झटक्यात खाली येतं. त्या झटक्याने आपण किती मिनिटं वाचवली आणि त्या मिनिटांचं पुढे काय केलं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मातीच्या जाड भिंती आणि उंच छप्पर ही तर उन्हाची गरज होती. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जाणाऱ्या गावात दर्शनी भाग काचेचा करायचा आणि मग आतून एसीने थंड करायचा, याला आपण आधुनिक म्हणतो. त्यासाठी लागणाऱ्या विजेचं केंद्र शहराला लागूनच आहे. कोळसाही आपल्याच जिल्ह्यातला. धूळही आपलीच.

आता सांगाडा पाहा. मुंबईत 1860 च्या दशकात वॉटसन हॉटेल बांधलं, तेव्हा त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला होता. चांद्याच्या व्यापाऱ्याला (1964 पर्यंत शहराचं नाव चांदाच होतं) असलं काही परवडलं नसतं आणि लागलंही नसतं. त्याचा सांगाडा रानात उभाच होता. अहेरी-आलापल्लीकडचा साग म्हणजे लाकडातलं सोनं. त्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1982 साली जिल्हा वेगळा झाला, पण इमारतींना जिल्ह्याच्या हद्दी कळत नाहीत. आलापल्लीजवळच्या ‘वनवैभव’ नावाच्या जंगलात जुने साग अजून राखून ठेवले आहेत. 2014 साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या एखाद्या बुंध्याला कवेत घेऊन पाहा, मग बाजारातला खांब किती पावसाळ्यांचा असेल त्याचा अंदाज येतो.

29 मार्च 2023 रोजी अयोध्येच्या राममंदिरासाठी इकडचं सागवान मोठ्या शोभायात्रेने रवाना झालं. फुलं उधळली गेली, लोकांनी लाकडाला हात जोडले. त्यात वावगं काही नाही. लाकडाचा मान झाला. पण त्याच जातीचं लाकूड बाजारातल्या माडीवर तीन पिढ्यांचा संसार पेलून उभं असतं, आणि ते उतरवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, घनफुटाला काय भाव? जुन्या सागाला गिऱ्हाईक नेहमीच मिळतं. खांबाची सोफ्याची चौकट होते, तुळईचा देव्हारा. लाकूड टिकतं, दुकान जातं.

मात्र दुकानं सगळीच गेली नाहीत, आणि याचं श्रेय आपल्या रसिकतेला देण्याचं कारण नाही. परकोट हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 2010 साली दुरुस्त झालेल्या कायद्याने अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे. साध्या दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी झाडंझुडपं काढून परकोट मोकळा केला, तेव्हा त्या दगडांचं कौतुक देशभर झालं. भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र नियम आले. वाटण्या झालेल्या भावांना वर मजला चढवता येत नाही, गळकं छप्पर बदलायचं तर कागद फिरवावे लागतात. त्यांची तक्रार खोटी नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात राजाची भिंत होती, वाण्याची माडी नव्हती. भिंतीच्या आडोशाने ती फुकटात वाचली. आणि तिच्या मालकाला आजही विचारलं तर तो सरळ सांगेल, परवानगी मिळू द्या, उद्याच पाडतो.