विणलेली भेट कोणाची?



दिवाळीनंतर हवेत गारवा आला की ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या घरांतून लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. कोणी नातवंडासाठी टोपडे आणि पायमोजे विणते, तर कोणी नाताळापूर्वी धाकट्या दिराचा स्वेटर पुरा करण्याच्या घाईत असते. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथे थंडी कमी, म्हणून लोकरही कमी. पण क्रोशाची सुई तेथेही स्वस्थ बसत नाही. कोणाकडे बाळ जन्मले म्हणजे बाळंतविड्यात निदान एखादी तरी हातची वस्तू असावी, असे आपल्या वडीलधाऱ्या बायकांना अजूनही वाटते. या कामाची आपण नेहमी वाखाणणी करतो आणि ती योग्यच आहे. परंतु या साध्या घरगुती कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो असा : आपण स्वतःच्या हाताने विणून जी वस्तू दुसऱ्याला देतो, ती दिल्यानंतर कोणाची असते?

उत्तर सोपे वाटते. ज्याला दिली त्याची! पण समजा, ग्वाल्हेरला राहणाऱ्या एका बाईंनी गोव्यात फोंड्याला असलेल्या आपल्या भाच्यासाठी पूर्ण बाह्यांचा निळा स्वेटर विणला. दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. स्वेटर पोहोचला, सर्वांनी कौतुक केले, आणि तो डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला गेला. दोन वर्षांनी मुलगा वाढला, तेव्हा घरच्यांनी तो इतर जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला देऊन टाकला. पुढे आत्या मुक्कामाला आल्या आणि त्यांनी विचारले, “वहिनी, तो निळा स्वेटर कुठे आहे?” वहिनी ओशाळल्या. म्हणाल्या, “वन्सं, इथे स्वेटर घालण्याइतकी थंडी कुठे पडते?” आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

आता दोष कोणाचा? असा प्रसंग थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडतो आणि त्यावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद झाल्याचीही उदाहरणे असतात. म्हणून दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे.

प्रथम घेणाऱ्याची बाजू पाहू. स्वेटरच्या एका ओळीत १०० टाके आणि अशा १२० ओळी म्हटल्या, तरी नुसत्या पुढच्या भागाचे १२,००० टाके होतात. पाठ, दोन बाह्या आणि गळा वेगळेच. यातला प्रत्येक टाका सुईवरून हाताने उतरवलेला असतो. दुकानातल्या वस्तूसाठी आपण पैसा देतो, आणि पैसा पुन्हा मिळवता येतो. विणणाऱ्या बाईने मात्र आपल्या आयुष्यातले तास दिलेले असतात, आणि ते पुन्हा मिळत नाहीत. हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याने भेट घेतली खरी, पण ती पाहिलीच नाही.

याबाबतीत आपल्या समाजाची एक जुनी खोड आहे. हाताचे विणकाम हे बायकांचे ‘फावल्या वेळचे’ काम असे आपण धरून चालतो. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी क्रोशाची लेस विणण्याची कला आणली. ती गरीब स्त्रियांच्या मदतीसाठी होती आणि हेतू चांगला होता. पुढे तिचा मोठा व्यापार झाला आणि माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. घरातले सर्व काम सांभाळून या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणीत असत, तरी त्यांना कामकरी न मानता फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी मानले जाई, आणि म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी मिळे, हे त्यांनी दाखवून दिले. आपण ‘हातच्या कामाचे मोल होत नाही’ असे म्हणतो. ते कौतुकाने म्हटलेले असते, पण पुष्कळदा व्यवहारात त्याचा अर्थ ‘त्याला काही द्यावे लागत नाही’ असाच होतो. घरच्या आत्या-मावश्यांच्या बाबतीतही आपण हेच करतो का, हे प्रत्येकाने तपासावे. ज्या बाईने तुमच्या तिन्ही मुलांना स्वेटर विणले, तिचे डोळे आता अधू झाले असतील. तिच्या चष्म्याची चौकशी आपण केली आहे काय?

तेव्हा वहिनींचे चुकलेच. वस्तू कोणालाही देण्यापूर्वी आत्यांना एक पत्र किंवा फोन करता आला असता. शेजारच्या एखाद्या गरजू मुलाला तो स्वेटर गेला असता, तर आत्यांनाही समाधान वाटले असते.

आता देणाऱ्याच्या बाजूकडे वळू. येथे मला शमुवेलाची आई हन्ना हिचे उदाहरण फार बोलके वाटते. १ शमुवेल, अध्याय २ मध्ये सांगितले आहे, की आपला मुलगा शिलो येथे देवाच्या सेवेला दिल्यानंतर ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करीत असे आणि वार्षिक यज्ञाच्या वेळी पतीबरोबर जाताना तो त्याला नेऊन देत असे. शास्त्रात यापेक्षा अधिक काही नाही. पण ज्यांनी लांबच्या मुलासाठी कपडा केला आहे, त्यांना यातले न लिहिलेलेही वाचता येईल. वर्षभर मुलगा दृष्टीआड. तो किती वाढला असेल? खांदे किती रुंद झाले असतील? गेल्या वर्षीच्या मापाचा झगा यंदा उपयोगाचा नाही. मुलगा जसा आठवतो तसा नव्हे, तर आज जसा असेल तसा डोळ्यांसमोर आणून तिला कापड बेतावे लागले असेल. प्रीती म्हणजे काय, याची ही चांगली व्याख्या आहे. प्रीती दुसऱ्याचे माप घेते.

आपल्या आत्यांनी माप घेतले, पण ते छातीचे आणि बाहीचे. फोंड्याच्या हवेचे माप त्यांनी घेतले नाही. त्यांना स्वेटर उत्तम येतो, म्हणून त्यांनी स्वेटर दिला. म्हणजे भेट ठरवताना त्यांची नजर भाच्याच्या गरजेपेक्षा आपल्या हातच्या कसबावर अधिक होती. सुती दोऱ्याची क्रोशाची पिशवी त्या मुलाने कदाचित रोज शाळेत नेली असती. देणाऱ्याला जे देणे आवडते आणि घेणाऱ्याला ज्याचा उपयोग आहे, या दोहोंत पुष्कळदा अंतर असते. आणि ते अंतर देणाऱ्यानेच चालून जायचे असते.

हन्नेची दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तिने झगा दिला, पण त्या झग्याच्या निमित्ताने मुलाला परत मागितले नाही. दिलेला मुलगा दिलेलाच राहिला.

विणणाऱ्या भगिनींना एक गोष्ट ठाऊकच आहे. शेवटची ओळ झाली, टाके बंद केले, तरी काम पुरे होत नाही. धागा तोडून तो शेवटच्या टाक्यातून ओढून घ्यावा लागतो. तोपर्यंत विणलेली वस्तू मांडीवरच्या गुंड्याशी जोडलेलीच असते, आणि शेवटचा टाका सोडून धागा ओढला तर सगळे उसवत जाते. मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळजण भेट देतात, पण धागा तोडीत नाहीत. वस्तू दुसऱ्याच्या घरी आणि धाग्याचे टोक आपल्या हाती! मग नाताळाच्या उपासनेला त्याने तो स्वेटर घातला आहे की नाही, हे मागच्या बाकावरून पाहिले जाते. माझ्या मुलीच्या लग्नात तिने काय दिले, याचा हिशेब होतो. थोडे बिनसले की “मी तुझ्यासाठी रात्र-रात्र विणले” हे शब्द बाहेर पडतात, आणि त्या एका वाक्याने सारे विणकाम उसवते. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने दानधर्माविषयी शिकविले (मत्तय ६). विणकाम दोन्ही हातांनीच करावे लागते, तेव्हा विणताना हे साधणार नाही. पण विणून झाल्यावर तरी दोघांनीही ते विसरावे.

लूक १७ मधील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत दरवर्षी शिकवतो. दहा बरे झाले, आभार मानायला एकच परतला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. म्हणजे कृतघ्नता त्याच्या नजरेतून सुटली नाही, आणि तिचे दुःख होणे हेही पाप नव्हे. परंतु त्या नवांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. कृपा म्हणतात ती हीच. आत्यांना त्या दिवशी वाईट वाटले यात गैर काही नाही. त्यानंतर त्या भाच्याशी कशा वागल्या, यावर ती भेट होती की कर्ज होते, हे ठरेल.

यावर कोणी म्हणेल, “अहो, असे सगळेच धागे तोडायचे, तर नाती कशी राहतील? आज मी तिच्या बाळाला टोपडे देते, उद्या ती माझ्या नातवाला देते, यातूनच तर घरे जोडलेली राहतात.” हे म्हणणे खरे आहे, पण देणे आणि नाते यांत फरक आहे. देणे फेडले की संपते. नाते संपत नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो, की एकमेकांवर प्रीती करण्याचे ऋण सोडून दुसरे कोणतेही ऋण ठेवू नये. परत टोपडे आले, तर आनंदाने घ्यावे. न आले, तर मोजू नये, इतकेच.

यापो येथील दुर्कसेचे पाहा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ मध्ये तिची कथा आहे. स्त्रीलिंगी रूपात ‘शिष्या’ हा शब्द नव्या करारात फक्त तिच्यासाठीच वापरला आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने करून दिलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखविली. मूळ ग्रीक क्रियापदाच्या रूपावरून काही भाष्यकार म्हणतात, की त्यांनी आपल्या अंगावरचेच कपडे दाखविले असावेत. त्या विधवा परतफेड करू शकणार नव्हत्या आणि दुर्कसेला ते ठाऊक होते. तिने धागा केव्हाच तोडला होता. तरीही नाते इतके घट्ट होते, की तिच्यासाठी सगळी माडी रडत होती.

असे देणे आपल्यालाही परके नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा हिमालयातल्या जवानांसाठी देशभरच्या स्त्रियांनी स्वेटर विणले. आपला स्वेटर कोणाच्या अंगावर गेला, हे त्यांतल्या बहुतेकींना कधीच कळले नाही. १९९८ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी प्रार्थना-शालींची सेवा सुरू केली. आजारी किंवा दुःखी माणसासाठी प्रार्थना करीत शाल विणायची आणि ती त्याला देऊन टाकायची. ही सेवा पुढे अनेक मंडळ्यांत पसरली. आपल्या महिला मंडळांनाही हे जड नाही.

आणखी एक सूचना. ज्यांना विणता येत नाही, किंवा नोकरी आणि घर यांतून ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांच्या विकतच्या भेटीला कमी लेखू नये. विधवेच्या दोन दमड्यांचे मोल प्रभूने त्यांच्या मागच्या त्यागावरून केले. तिने त्या स्वतः घडवल्या होत्या का, हे त्याने विचारले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी यंदा नाताळापूर्वी मुलांकडून एखादी वस्तू अवश्य करून घ्यावी. मोठ्या मुलींनाच नव्हे, मुलग्यांनाही क्रोशाची साखळी घालायला शिकवावे. तेवढ्यावर पुस्तकातली खूणफीत होते. मात्र सुरुवातीलाच प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावे : “ही तू कोणाला देणार? त्याला ती कशी उपयोगी पडेल?” आणि दिल्यानंतर तिसरा प्रश्न विचारू नये, “मग त्याने तुला काय दिले?”

वधस्तंभाजवळ शिपायांनी चिठ्ठ्या टाकून प्रभूचा अंगरखा घेतला. तो बिनशिवणीचा, वरपासून अखंड विणलेला होता, असे योहान सांगतो (१९:२३). तो कोणाच्या हातचा होता, हे शास्त्र सांगत नाही. ज्या कोणी तो विणला, त्याचे काम अखेर एका परक्या शिपायाच्या हाती गेले. पण म्हणून ते वाया गेले काय? त्याआधी ते वस्त्र प्रभूच्या अंगावर होते. आपण विणलेली वस्तू पुढे कोठे जाईल, हे आपल्या हाती नाही. ती कोणासाठी आणि कोणत्या मनाने विणावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे आपण नीट करावे, आणि मग शांत मनाने धागा तोडावा.