तुम्ही त्यांचे कोण?

टेलर गेल्याचं आम्हाला एकविसाव्या दिवशी कळलं. तेही कराड स्टेशनच्या चहावाल्यानं सांगितलं म्हणून. "तुमचं टेलर गेलं की वो. ठावं न्हाई?" म्हणाला. आम्ही तिघं बाकड्यावर त्याची वाट बघत बसलो होतो. तो आला की चौथा चहा सांगायचा, असं चाललेलं.

चहावाल्यालाच पत्ता विचारून ओगलेवाडीतलं त्याचं घर शोधलं. वीस वर्षांची ओळख, पण घर कुणालाच माहीत नव्हतं. दारात थोरला मुलगा उभा होता. त्यानं पाणी दिलं आणि अगदी नम्रपणानं विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

आता काय सांगायचं? भावकीतले नव्हे, पावणे नव्हे, गावचे नव्हे, धंद्यातले नव्हे. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आम्ही गाडीतले." पोराला वाटलं पासवाले असतील, रोज एका डब्यातनं जाणारे. "पासवाले व्हय?" म्हणाला. आम्ही माना हलवल्या. मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून तिघांनी खोटं सांगितलं, कारण खरं सांगायला शब्दच नव्हता.

तो शब्द अजूनही मला सापडलेला नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचं रान ताकारी आणि किर्लोस्करवाडीच्या मधे, रुळाला लागून. दोन एकर ऊस. मी लहान असताना इथनं छोट्या मापाची गाडी जायची, कोळशाची. 1971 साली मोठं माप झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा. रूळ बदलायला आलेल्या गँगच्या मागं मागं फिरून मी शाळेची सहामाही बुडवली आणि वडलांच्या हातचा मार खाल्ला. 1976 ला दहावी झालो आणि शाळा सुटली, पण गाडी सुटली नाही. मोट गेली, इंजिन आलं, मोटर आली, ठिबक आलं; बांधावर उभं राहून गाडी बघायची खोड तशीच राहिली.

आमच्या वडलांच्या पिढीला गाडी म्हणजे गोऱ्या सरकारची. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं गाडी अडवून रेल्वेच्या पगाराची रक्कम काढून घेतली. कुंडलचे जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ ही माणसं त्यात. तेव्हा सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे नव्हते, सगळा साताराच. 1949 ला दक्षिण सातारा निराळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं ती गोष्ट आमच्याकडं घरातली म्हणूनच सांगतात. वडील म्हणायचे, "गाडी अडवायची असती, तिच्याकडं बगत बसायची नसती." आता मी बघत बसणारा निघालो, त्याला काय करणार.

टेलर मला भेटला तो पॅसेंजर चुकल्यामुळं. कराडच्या फलाटावर एक माणूस वहीत इंजिनाचा नंबर उतरवत होता. मी सहज म्हणालो, "हे काल मालगाडीला होतं, आमच्या रानावरनं गेलं." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा. पुढची गाडी येईस्तोवर दोन तास आम्ही बोललो. माझं नाव त्यानं विचारलं नाही, मीही त्याचं विचारलं नाही. तो टेलर आणि मी बागायतदार. दोन एकराचा बागायतदार! पण ते नाव पडलं ते पडलं.

मग ड्रायव्हरसाहेब आले. मिरजेचे, रिटायर. त्यांची नोकरी सुरू झाली ती बार्शी लाइटवर. आणि सांगलीचा एक कॉलेजचा पोरगा, आमच्या नातवंडांत शोभणारा. दहा रुपयांचं फलाटाचं तिकीट काढायचं, रविवारी बाकड्यावर बसायचं, एवढाच आमचा धर्म. गोवा एक्स्प्रेसला कुठलं इंजिन आलं, हुबळीचं का पुण्याचं, हे इंजिनाच्या अंगावर लिहिलेलं असतं; पण ड्रायव्हरसाहेब ते नुसत्या हॉर्नवर सांगायचे आणि पोरगा पळत जाऊन खात्री करून यायचा. टेलरचा जीव अल्कोवर. अल्को म्हणजे ते जुनं डिझेल, 1962 ला अमेरिकेतनं पहिलं आलं आणि मग वाराणशीला बनायला लागलं. निघताना काळा धूर टाकायचं आणि धापा टाकत चढ चढायचं. टेलर म्हणायचा, पायमशिनवर जाड कापड घातलं की अस्साच ठोका येतो. आम्ही हसायचो. पण एकदा त्यानं फलाटावर दोन्ही पाय हलवून तो ठोका धरून दाखवला आणि समोरनं मालगाडी हलली ती बरोब्बर त्याच तालात.

गावात आमची सगळी नाती हिशोबाची असतात. मी हे वाईट म्हणून सांगत नाही. पैरा करतो, तर तू माझ्या रानात चार दिवस आलास, मी तुझ्या रानात चार दिवस येणार. लग्नातला आहेर वहीत लिहिलेला असतो. कुणी मयताला आलं नाही तर तेही लिहिलेलं असतं, वहीत नसलं तरी डोक्यात. या हिशोबावरच गाव उभं आहे, नाहीतर नडलेल्याला कोण विचारतंय? आणि आमच्या बाकड्यावर हिशोब नव्हता. चहाचे पैसे ज्याच्या हाताला लागतील त्यानं द्यायचे. जात विचारली नाही, मत कुणाला दिलं विचारलं नाही, पोरांची लग्नं झाली का विचारलं नाही. मला हे फार मोठं वाटायचं. सोसायटीच्या निवडणुकीत भाऊ भावाचं तोंड बघत नाही अशा गावातनं मी आठवड्याला उठून जायचो आणि तिथं चार तास माणसासारखा बसायचो.

पण 2019 च्या ऑगस्टमधे कृष्णा वर आली. माझा सगळा ऊस पाण्याखाली, शेंडासुद्धा दिसत नव्हता. अशात टेलरचा फोन आला. म्हणाला, "बागायतदार, भिलवडीकडं रुळाला पाणी लागलंय का?" उसाचं विचारलं नाही, जनावरांचं विचारलं नाही, तू कुठं हायस हेसुद्धा नाही. मी फोन कट केला. पुढं दोन महिने कराडला गेलो नाही. गेलो तेव्हा त्यानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चहा प्यालो. गाडी आली. झालं.

तेव्हापासून मनात किडा वळवळत होता की ही कसली मैत्री?

आणखी एक प्रसंग आठवतो. 2008 ला मिरज-पंढरपूरची छोटी गाडी बंद झाली, तेव्हा आम्ही मिरजेला गेलो होतो. पावणेतीन फूटसुद्धा नाही, अडीच फुटांचं माप. एके काळी मिरजेला तिन्ही मापांचे रूळ होते. मोठं, मीटरचं आणि हे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 ला बार्शी लाइट सुरू केली, ती 1927 ला मिरजेपर्यंत आली. एका आसावर पाच टनांच्या वर वजन पडू द्यायचं नाही अशी त्याची मांडणी, म्हणून हलके रूळ चालायचे आणि खर्च परवडायचा. लोक चेष्टा करायचे, चालत्या गाडीतनं उतरून बोरं खायची आणि पुन्हा चढायचं. पण वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिनं विठोबाला नेल्या! ड्रायव्हरसाहेब त्या दिवशी रडले. आम्हीही म्हणालो, मोठ्या मापाची काय गरज होती, वाईट केलं.

मग 11 एप्रिल 2016 आला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, दहा टाक्यांची, एकेका टाकीत पन्नास हजार लिटर, आमच्या कृष्णेचं पाणी. राजस्थानात कोट्याला धुऊन आणलेल्या टाक्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी लातूरला पोचली, त्याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेनं, पंढरपूर-कुर्डुवाडीवरनं. आम्ही चौघं बघायला गेलो होतो. मी उगीच म्हणालो, "बघा साहेब, तुमच्याच वाटेनं." साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपलं कुणी ऐकलं असतं आणि छोटी गाडी ठेवली असती, तर ह्या टाक्या गेल्या नसत्या, बागायतदार."

हे मला आजवर पचलेलं नाही. ज्या वस्तूवर जीव लावला तिच्या मरणानं दुसऱ्याच्या तोंडात पाणी पडलं. आपण तिच्यासाठी रडलो ते खोटं नव्हतं, पण बरोबरही नव्हतं. माणसाच्या प्रेमात असं दोन्ही असू शकतं हे मला रुळानं शिकवलं. आणि त्याच पाण्यावर मी ऊस पिकवतो, त्याचा हिशोब निराळाच. तो पुन्हा कधीतरी.

तर टेलरच्या घरात आम्ही बसलो. त्याच्या बायकोनं चहा केला आणि दाराशी उभी राहिली. मग तिनं सांगितलं, दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. आठवड्याला दोनदा. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. दोन वर्षं तो आमच्या शेजारी बसत होता! चहा अर्धाच घ्यायचा, पाणी घ्यायचा नाही, हे आम्ही बघत होतो. एकानंही विचारलं नाही.

ती पुढं म्हणाली, "तुमच्यासंगं बोलत तरी हुतं. घरात आलं की गप. नळ बिघडला, पोरीचं स्थळ बगायचं हुतं, ऐतवारी मानूस घरात पायजे का नको? मला वाटायचं, कुनी तरी बाई हाय. बाई असती तर भांडले तरी असते. गाडीसंगं काय भांडू?"

रागानं नाही म्हणाली. त्यामुळंच ते जास्त लागलं.

मग तिनं वह्या आणल्या. सतरा वह्या. तारीख, वेळ, गाडी, इंजिनाचा नंबर, शेडचं नाव. शिवणाच्या मापाच्या वह्या असतात तशाच, लाल पुठ्ठ्याच्या. "हे कामाचं हाय का काय?" तिनं विचारलं. पोरगा म्हणणार होता की फार मोलाचं आहे वगैरे, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "न्हाई वहिनी. कामाचं न्हाई."

ती थोडा वेळ वह्या हातात धरून राहिली. मग म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या घरातच. कामाचं असतं तर दिलं असतं."

परत येताना पॅसेंजरमधे आम्ही तिघं गप्प. मी मनात तोलत होतो. ज्या माणसांकडं आपलं काही मागणं नाही त्यांच्यावर प्रेम करायला काय लागतं? चार तास गोड राहणं सोपं आहे. आठ दिवसांतले उरलेले तास जिच्याबरोबर काढायचे, जिच्या पायाला भेगा पडल्यात, जिचं कर्जावरनं ऐकून घ्यायचं असतं, तिच्याशी गोड राहणं अवघड. आम्ही सोपं तेवढं केलं आणि त्याला निर्मळ मैत्री म्हणालो, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, टेलरला दिवसरात्र आजारी म्हणूनच ओळखणारी माणसं पुष्कळ होती; तो आजारी नाही अशी एकच जागा त्याला उरली होती, ते बाकडं. आम्ही विचारलं असतं तर तीही गेली असती. आणि पुराच्या वेळी त्यानं मला उसाचं विचारलं असतं तर त्या दिवशी तसं विचारणारा तो चाळिसावा माणूस झाला असता. पण हे दुसरं मन माझ्या सोयीचं बोलतं, म्हणून मी त्याच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. एवढं मात्र खरं की अर्धा चहा बघून विचारायला हवं होतं. विचारून त्यानं नाही सांगितलं असतं, तर तो त्याचा अधिकार होता.

रात्री घरी बायकोला सगळं सांगितलं. टेलरची बायको काय म्हणाली तेही. मला वाटलं, आता ही पण काढेल चाळीस वर्षांचं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला कुठं इंजनातलं कळतंय?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर कोयना टायमात हाय का लेट हाय, ते तुमच्याआदी मला कळतंय."

मी म्हणालो, "ते कसं?"

"रोज त्या पट्टीत खुरपायला कोन आसतंय? तुमी बांदावर हुबं ऱ्हाऊन बगता. मी खाली बसलेली आसते. वाकल्यावर आदी जमिनीतनं कळतंय, मग कानाला येतंय. कोयना गेली का मी भाकरी सोडते. मालगाडी भरलेली हाय का मोकळी, तेबी कळतंय."

मी तव्याकडं बघत बसलो. इतकी वर्षं मी दहा रुपये देऊन कराडला जात होतो.

"आता ते बी ऱ्हायलं न्हाई म्हना," ती म्हणाली. "त्या तारा आल्यापास्नं गाडी चोरावानी येती. जुनं काळ्या धुराचं हुतं ते बरं हुतं."

"अल्को," मी म्हणालो.

"आसंल," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.