धडधडणाऱ्या पेशी आणि आपला विवेक

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या ज्या पेशी मरतात, त्यांची जागा शरीर सहसा भरून काढीत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मूलपेशींना ठरावीक क्रमाने रासायनिक संकेत देऊन त्यांच्या हृदयपेशी बनवितात. सुमारे दोन आठवड्यांत त्या काचपात्रात आपोआप धडधडू लागतात. हे ऐकून आम्ही उत्पन्नकर्त्याची स्तुती करतो.

परंतु मूलपेशी आणावयाच्या कोठून? सन १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी त्या मानवी भ्रूणांतून मिळविल्या. त्यात भ्रूण नष्ट झाले. एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्या जिवाचा आरंभ खुडणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पुढे क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींना मूलपेशींचे रूप दिले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण ही विद्याही भ्रूणपेशींच्या अभ्यासावरच उभी आहे.

मग असा उपचार लाभल्यास नाकारावा काय? आजारी बांधवास तसे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो कृतज्ञतेने घ्यावा, मात्र आपले हात निर्मळ आहेत असा गर्व नसावा. शब्बाथशाळेतील मुलांनाही आम्ही हेच शिकवावे: हेतू चांगला असला, तरी वाटेचा हिशेब द्यावाच लागतो.