देवानं सांगितलं, पण तिला विचारलं का?

मार्च १७३७. अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीतलं सवाना हे गाव. तेहतीस वर्षांच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानं मित्राला सोबत घेऊन प्रार्थना केली आणि तीन चिठ्ठ्या टाकल्या. एक लग्नाच्या बाजूची, दुसरी वर्षभर थांबायला सांगणारी, तिसरी हा विषयच कायमचा डोक्यातून काढायला लावणारी. तिसरी निघाली. उपदेशकानं देवाची आज्ञा म्हणून ती मान्य केली.

हा उपदेशक म्हणजे जॉन वेस्ली. आपल्याकडच्या मेथडिस्ट मंडळ्या त्याच्याच परंपरेतल्या. मुलगी होती सोफी हॉपकी, अठरा वर्षांची, वसाहतीच्या मुख्य दंडाधिकाऱ्याच्या नात्यातली. चिठ्ठी निघाल्यावर पंधरा दिवस उलटायच्या आत सोफीनं विल्यम विल्यम्सन नावाच्या तरुणाशी लग्न लावलं. ऑगस्टमध्ये वेस्लीनं तिला भर उपासनेत प्रभुभोजन नाकारलं. कारण शिस्तीचं दिलं, पण गावानं काय ओळखायचं ते ओळखलं. नवऱ्यानं बदनामीचा दावा ठोकला, प्रकरण ज्युरीपुढे गेलं आणि डिसेंबरात वेस्लीला जॉर्जिया सोडावं लागलं.

या प्रकरणात वेस्लीनं देवाला विचारलं, मित्राला विचारलं, मोरावियन पंथातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला. सोफीशी मात्र तो आडूनआडूनच बोलत राहिला. माझ्यापुरता या लेखाचा सगळा विषय एवढाच आहे.

चिठ्ठीची रीत वेस्लीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जर्मनीतल्या सॅक्सनीत १७२२ मध्ये वसलेल्या हेर्नहूट गावात मोरावियन ख्रिस्ती राहत. त्यांच्यात महत्त्वाचा निर्णय चिठ्ठीवर सोपवायची पद्धत पडली आणि तो नियम लग्नालाही लागू झाला. मंडळीचे वडील प्रार्थना करून चिठ्ठी काढत. होकाराची, नकाराची किंवा कोरी. कोरी निघाली की थांबायचं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही, आणि पाकळी हललीच नाही तर गुरव म्हणतो, देव अजून बोलत नाही.

मोरावियन लोकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. चिठ्ठी होकाराची निघाली तरी त्या मुलीला किंवा मुलाला नकार द्यायची मुभा होती. चिठ्ठीमुळे फक्त मागणी घालायची वाट मोकळी होई. उलट चिठ्ठी नकाराची निघाली तर मात्र दोघांची कितीही इच्छा असो, लग्न होत नसे. तरुण पिढीला हे जाचू लागलं आणि १८१८ च्या महासभेत साध्या सभासदांच्या लग्नासाठी चिठ्ठीची सक्ती काढून टाकण्यात आली.

आज आपल्या मंडळ्यांत चिठ्ठ्या कोणी टाकत नाही. आज वचन मिळतं. मुलगा सकाळी शास्त्र उघडतो, एखाद्या ओळीवर नजर थांबते आणि त्या ओळीत त्याला गायनमंडळातल्या मुलीचं नाव दिसायला लागतं. ‘प्रभूनं मला दाखवलं’, ‘मनात शांती आहे’, ‘दार उघडलं’ ही वाक्यं ज्यानं युवक-संघात चार वर्षं काढली त्याला पाठ असतात. बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. बहुतेकांना ते खरोखर जाणवलेलं असतं. पण हे वाक्य जिच्यापुढे उच्चारलं जातं तिची स्थिती बघा. ‘तू मला आवडतेस’ असं कोणी म्हटलं तर ‘मला नाही आवडत’ म्हणता येतं. ‘देवानं तुला माझ्यासाठी ठरवलंय’ याला ती काय उत्तर देणार? नाही म्हटलं तर नकार त्या मुलाला राहत नाही, देवाला जातो. पाळकांच्या पत्नी समजावायला येतात, आई म्हणते प्रार्थनेत ठेव, आणि प्रार्थनेत ठेव याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक असतो.

या सगळ्यांच्या हातात एक दाखला हमखास असतो, उत्पत्तीचा चोविसावा अध्याय. अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी बघायला निघतो, गावाबाहेर विहिरीपाशी थांबतो, देवाकडे खूण मागतो आणि रिबका पाणी भरायला येते. लग्नाच्या प्रवचनांत ही गोष्ट इतकी ऐकलेली असते की कोणी ती नीट वाचत नाही. नीट वाचण्यासारखी आहे.

खूण काय मागितली? आभाळात तारा नाही, स्वप्न नाही. ज्या मुलीकडे मी पाणी मागीन आणि जी मला पाणी देऊन उंटांनाही पाजते म्हणेल, तीच ती. नोकराबरोबर दहा उंट होते. तहानलेला उंट एका बैठकीत शंभर लिटरच्या आसपास पाणी रिचवू शकतो. दहाही उंट अर्धेच तहानलेले धरले आणि घागर बारा लिटरची धरली, तरी चाळीसच्या वर खेपा होतात. रिबका झऱ्यापर्यंत खाली उतरते, घागर भरून वर येते, डोणीत ओतते आणि पुन्हा धावत जाते. तेही एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी, दिवसभराचं काम झाल्यावर, संध्याकाळी. ज्या बाईनं पायऱ्यांच्या विहिरीतून पाणी काढलंय तिला या ओळींचं वजन कोणी समजावून सांगायला नको. नोकरानं देवाला खूण मागितली खरी, पण ती अशी बेतली की मुलीचा स्वभाव उघडा पडावा. आणि पहिलं वाक्य कानावर पडताच त्यानं बांगड्या काढल्या नाहीत. उंटांचं पिऊन होईपर्यंत गप्प उभं राहून तो तिच्याकडे बघत होता. आपल्याकडच्या कांदेपोह्यांत यातलं काहीच कळत नाही, हे जाता जाता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अध्यायाच्या आरंभी आहे, प्रवचनात ती हटकून गळते. नोकर निघण्यापूर्वीच विचारतो, मुलगी यायला तयार झाली नाही तर? अब्राहाम त्यावर देवाचं नाव घेऊन सक्ती करत नाही. देव आपला दूत तुझ्यापुढे पाठवील असं तो म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की ती राजी नसेल तर तू शपथेतून मोकळा. म्हणजे देवदूत पुढे चालत असतानाही मुलीच्या नकाराला जागा ठेवलेली आहे. पुढे रिबकेचे भाऊ आणि वडील ही गोष्ट परमेश्वराकडूनच आली म्हणतात आणि तिला देऊनही टाकतात. तिला विचारलं जातं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही कशासाठी? आई-भावाला तिला आणखी दहाएक दिवस ठेवून घ्यायचं असतं, म्हणून लगेच जाशील का, एवढ्यासाठी. तेव्हा या अध्यायाला स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा ठरवायची मला घाई नाही. पण अब्राहामाची अट अट आहे, आणि ती कोणी खोडलेली नाही.

एक पुस्ती जोडतो. देवानं जुळवलेलं हे लग्न पुढे कसं झालं? याच रिबकेनं आंधळ्या झालेल्या नवऱ्याला फसवून धाकट्याला आशीर्वाद मिळवून दिला. खूण बरोबर निघाली म्हणून संसार सुरळीत होतो असं पवित्र शास्त्रही म्हणत नाही.

कॅथलिक बायबलमध्ये तोबीतचं पुस्तक आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते नाही. तिथं राफाएल देवदूत वाटाड्या बनून तोबियाला सारेच्या घरी नेतो. सारेचे सात नवरे पहिल्याच रात्री मेलेले. देवदूतानं स्थळ आणलेलं असूनही सासरा रात्री उठून जावयासाठी खड्डा खणून ठेवतो, आणि जावई जिवंत आहे कळल्यावर उजाडायच्या आत घाईनं बुजवून घेतो. श्रद्धाळू माणसाच्या मनात देवाच्या मार्गदर्शनाशेजारीच ही धाकधूकही असते, हे ज्यानं कोणी लिहिलं त्याला माणसं चांगली ठाऊक होती.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. देव मार्ग दाखवतो तो बहुधा आपल्याच जातीत कसा? गोव्यात बामण बामणाकडे, चारदो चारदोकडे. वसईत सामवेदी आणि वाडवळ यांच्यातली रेघ कित्येक पिढ्या ठळक होती. नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबं एकाच मंडळीत एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात, आणि सोयरिकीची वेळ आली की आजोबांची आठवण काढतात. व्हॉट्सॅपवर फिरणारा बायोडेटा उघडा. वर क्रूस, खाली ‘देवभीरू, प्रार्थनाशील, नव्यानं जन्मलेली’, मग उंची, मग रंग, मग पगार, मग ‘मूळ गाव’. मूळ गाव आणि आडनाव कशासाठी असतं ते न सांगता कळतं. पौलानं करिंथकरांना लिहिताना विधवेसाठी एकच अट घातली होती, नवरा प्रभूमधला असावा. बाकी कोणाशी करायचं ते तिच्या मर्जीवर सोडलं होतं. आपण अटीवर बोट ठेवतो आणि मर्जी शब्दावरून पुढे सरकतो.

मार्टिन ल्यूथरचं लग्न या पार्श्वभूमीवर फार मोकळं वाटतं. काथारिना फॉन बोरा ही मठातून पळालेली जोगीण, हेरिंग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडीतून बाहेर पडलेल्यांपैकी एक. ल्यूथर तिच्यासाठी स्थळं बघत होता. ग्लाट्झ नावाच्या उपदेशकाचं स्थळ तिनं साफ नाकारलं आणि ल्यूथरच्या एका मित्रालाच सांगितलं की करीन तर तुमच्याशी किंवा डॉक्टर ल्यूथरशी. १३ जून १५२५ ला लग्न झालं. आपण हे का केलं हे सांगताना ल्यूथर वडिलांची इच्छा आणि सैतानाला चिडवणं अशी कारणं देई. खूण मागितल्याचं कुठं नाही. खूण कशाला हवी, मुलगी स्वतःच बोलली होती.

एकाला आलेली हाक दुसऱ्यावर कशी कोसळते हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे चांगलंच माहीत आहे. तिथं लग्न आधीच झालेलं आहे, जुळवायचं नाही. त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ती बातमी लक्ष्मीबाईंपर्यंत मागाहून पोचली. पुढची वर्षं त्यांनी कशी काढली ते त्यांच्याच तोंडून वाचावं. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की त्या ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीनं. टिळकांच्या साक्षात्काराच्या उसनवारीवर नाही. नवऱ्याचा देव बायकोशी परस्पर बोलत नाही, तो तिच्याशी वेगळा बोलतो, असं मला तरी ते पुस्तक वाचताना वाटत आलं आहे.

हमखास कृतीच्या पुस्तकांचंही सांगायला हवं. अमेरिकेत १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस नावाच्या तरुणानं प्रेमप्रकरणांना रामराम ठोकायला सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, एका पिढीनं त्याबरहुकूम लग्नं केली. २०१८ मध्ये त्यानं स्वतःच ते पुस्तक बाजारातून काढून घेतलं. पुढच्या वर्षी तो बायकोपासून वेगळा झाला आणि आपण आता ख्रिस्ती नाही असंही जाहीर केलं. हसण्यासारखं यात काही नाही. त्याबरहुकूम वागलेल्यांचं काय झालं असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

मग मार्गदर्शन मागूच नये का? मागावं. लग्नासारख्या गोष्टीत श्रद्धा असलेला माणूस गुडघे टेकणारच. फक्त त्या प्रार्थनेतून जे मिळतं ते मागणाऱ्यापुरतं असतं. मी विचारावं की विचारू नये, एवढंच मला कळू शकतं. तिनं काय उत्तर द्यावं हे माझ्या प्रार्थनेत कळू शकत नाही, आणि कळलं असं वाटलं तर तिथं देवाचा आवाज संपून माझी ओढ सुरू झाली असं समजावं. वेस्लीची चूक चिठ्ठी टाकण्यात होती असं मला वाटत नाही. पुढे १७५१ मध्ये त्यानं चिठ्ठीबिठ्ठी न टाकता लग्न केलं. लंडनच्या पुलावर बर्फात पाय मुरगळला, मेरी वॅझील नावाच्या विधवेच्या घरी शुश्रूषा झाली आणि पंधरा दिवसांच्या आत लग्न. तेही धड झालं नाही.

लग्न खुणेवर नाही, दोघांच्या संमतीवर उभं राहतं, हे चर्चच्या कायद्याला फार पूर्वी उमगलेलं आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं लग्न आधी जाहीर करायला लावलं, म्हणजे कोणाला हरकत असेल तर त्यानं पुढे यावं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले. कॅथलिक शिकवणीप्रमाणे लग्नाचा संस्कार धर्मगुरू देत नाही, वधूवरच तो एकमेकांना देतात, आणि त्यांच्या संमतीची उणीव दुसरं कोणीही माणूस भरून काढू शकत नाही. दडपणाखाली दिलेला होकार पुढे सिद्ध झाला तर ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चचं न्यायालय ठरवतं. देवानं खूण दिली होती का, हे तिथं कोणी विचारत नाही.

कॅथलिक मंडळींत लग्नाआधी धर्मगुरू मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून विचारतात, तू हे स्वखुशीनं करतो आहेस ना, करते आहेस ना. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या पाळकांना माझी विनंती आहे की त्यांनीही हा रिवाज उचलावा. सुपारी फुटायच्या आधी, आईवडील बाहेर, दार लोटलेलं, पंधरा मिनिटं. प्रार्थना नंतर करा, आधी विचारा. आणि ती नाही म्हणाली तर तो निरोप दोन्ही घरांना पाळकांनी स्वतःच्या तोंडून सांगावा, म्हणजे पुढची दोन वर्षं मंडळीत ‘हिनं देवाचं ऐकलं नाही’ हे तिला ऐकावं लागणार नाही.