महाबळेश्वरचे जांभूळ खुजे का?

महाबळेश्वरच्या पठारावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे सदाहरित रान आहे आणि ते खुजे आहे. ओढ्याकाठच्या खोल मातीत 25 ते 30 मीटरपर्यंत जाणारे जांभूळ इथल्या उघड्या माथ्यावर त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचते. खोड वाकडे होते आणि शेंडा कोणी छाटावा तसा सपाट राहतो. पाऊस कमी पडतो असे म्हणावे, तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे कोसळतो. पण जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, पावसाळाभर झोडपणारा वारा आणि त्यानंतर कितीतरी महिने कोरडे. झाड खुजे राहायला एवढे पुरेसे वाटते.

तरीही दुसरी शक्यता उरते. शेकडो पिढ्यांत उंच वाढणारी झाडे वाऱ्याने मोडली असतील, बुटकी तगली असतील आणि आज माथ्यावर उरला आहे तो वाणच मुळात खुजा असेल. पहिल्या शक्यतेत या जांभळाचे बी खोल मातीत उंच वाढेल, दुसऱ्या शक्यतेत वाढणार नाही. नुसते झाड पाहून यातले काय खरे, हे सांगता येत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

ते उलगडण्याचा मार्ग एकच आहे: वेगवेगळ्या ठिकाणचे बी एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावायचे आणि वर्षानुवर्षे मोजत राहायचे. असा एक मोठा प्रयोग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कीथ इलिंगवर्थ या वनशास्त्रज्ञाने उभा केला. लॉजपोल पाइन या वृक्षाचे 140 ठिकाणांहून आणलेले वाण 1974 मध्ये 60 जागी लावले गेले. एकाच जागी वेगवेगळे वाण वेगवेगळे वाढले, तो फरक जनुकांचा. एकच वाण वेगवेगळ्या जागी वेगळा वाढला, तो फरक परिस्थितीचा. खरा बोध मात्र तिसऱ्या निरीक्षणात आहे. वाणांचा क्रम सगळीकडे सारखा राहिला नाही. एका जागी पुढे असलेला वाण दुसऱ्या जागी मागे पडला. थंड उत्तरेकडचा वाण उन्हाळ्यात लवकर वाढ थांबवून कळी मिटून घेतो. त्याच्या मायभूमीत ही सावधगिरी त्याला हिमापासून वाचवते. उबदार दक्षिणेत तीच वाढीचे मोलाचे आठवडे वाया घालवते.

याचा अर्थ जनुकांत मीटरमधली उंची कुठेही नोंदलेली नसते. कोणत्या परिस्थितीला कसे उत्तर द्यायचे, एवढेच तिथे असते. रिखार्ड वोल्टेरेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1909 मध्ये पाणपिसवांवरच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. झाडांना ती पाणपिसवांहून अधिक लागू पडते, कारण झाडाला जागा बदलता येत नाही.

वाऱ्याचे उदाहरण घ्यावे. 1971 मध्ये लिक्विडांबर या झाडाची रोपे रोज अवघी 30 सेकंद हलवून पाहिली गेली. ती न हलवलेल्या रोपांपेक्षा खूपच खुजी राहिली. खोड डोलले की उंच वाढ मंदावून बुंधा जाड करायचा, हे उत्तर झाडात आधीपासून असते. वारा ते फक्त बाहेर काढतो. प्रकाशाचेही तसेच. शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात लाल कमी आणि अतिलाल जास्त असतो. फायटोक्रोम हे प्रथिन तो फरक ओळखते आणि झाड फांद्या आवरून शेंडा वर रेटते. म्हणून दाट रानातला साग सरळसोट वाढतो आणि बांधावर एकटा उभा असलेला साग पसरतो.

सागात जनुके आणि उंची यांचा याहून नेमका दुवा आहे. त्याचा फुलोरा शेंड्यावरच येतो. फुलोरा आला की तो शेंडा संपतो, पुढची वाढ बाजूच्या कोंबांतून होते आणि खोड दुभंगते. सरळ खोड किती उंच जाणार, हे पहिला फुलोरा कोणत्या वयात येतो यावर बरेच अवलंबून असते आणि या वयावर वाणाचा मोठा प्रभाव आहे.

परिस्थिती कितीही अनुकूल असली तरी उंचीला भौतिक हद्द आहे. कॅलिफोर्नियातला 'हायपेरियन' हा रेडवुड सुमारे 116 मीटर उंच, जिवंत वृक्षांत सर्वांत उंच. तिथवर पाणी चढवताना प्रत्येक मीटरला गुरुत्वाचा ताण वाढत जातो. अशा झाडांची शेंड्यावरची पाने बारीक, खवल्यांसारखी असतात आणि खालची रुंद, पसरट. दोन्हींची जनुके तीच. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी रेडवुडची कमाल उंची 122 ते 130 मीटर असावी असा अंदाज मांडला.

जनुक आणि परिस्थिती यांची सीमा वाटते तितकी स्पष्टही नाही. सफरचंदाची एकच जात एम-9 या खुंटावर बांधली तर झाड बुटके राहते, बियाण्याच्या खुंटावर बांधली तर कितीतरी उंच जाते. खुंटाची जनुके इथे वरच्या कलमाची परिस्थिती होतात. कोकणातल्या हापूसच्या बागेत वरचा भाग प्रत्येक झाडात जवळजवळ एकाच जनुकांचा असतो. तरी कातळ फोडून लावलेले कलम आणि दरीतल्या मातीतले कलम सारखे वाढत नाही. याउलट नारळात वाण जोरदार बोलतो: ठेंगू जातीला कितीही खत-पाणी घातले तरी ती उंच वाढणाऱ्या बाणवलीची उंची गाठत नाही.

म्हणूनच 'उंचीत जनुकांचा वाटा 30 टक्के' असे विधान दिशाभूल करते. आनुवंशिकतेचे प्रमाण हे एका विशिष्ट लागवडीतल्या झाडांमधल्या फरकांचे प्रमाण असते. जमीन एकसारखी केली की तेच प्रमाण वाढते, कारण परिस्थितीमुळे पडणारा फरक कमी होतो. एकाच झाडाच्या उंचीचे तुकडे करून इतके जनुकांचे, इतके मातीचे, असे वाटून देता येत नाही.

वनीकरणात उंचीचे सारे श्रेय जनुकांना देण्याच्या चुकीची किंमत मोठी असते. रानातले सर्वांत उंच, सरळ झाड 'प्लस ट्री' म्हणून निवडले जाते. पण ते चांगल्या मातीमुळे उंच झाले असेल, तर त्याच्या बियातून ती उंची पुढे येणार नाही. रोपांची चाचणी होईपर्यंत निवड हा अंदाजच राहतो आणि सागासारख्या वृक्षात या चाचणीला अनेक वर्षे द्यावी लागतात. महाराष्ट्रात 2019 च्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट 33 कोटी रोपांचे होते. अशा मोहिमांत रोपे किती लावली आणि किती जगली, हे मोजणे आवश्यकच आहे. त्यासोबत प्रत्येक रोपवाटिकेने जातीच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहावी: हे बी कोणत्या रानातून, समुद्रसपाटीपासून कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या वर्षी आणले.