भरपाई कोणास?

नवा रस्ता किंवा लोहमार्ग काढावयाचा म्हटला की काही झाडे जाणार, एखादा पार उखडला जाणार, हे आता इतके गृहीत धरले जाते की त्याबद्दल हळहळणारा मनुष्य एक तर कवी असावा, नाही तर रिकामटेकडा, अशी समजूत होऊन बसली आहे. आम्ही कवी नाही. आणि लोकलगाडीच्या दारात लोंबकळून पुष्कळ वर्षे कॉलेज गाठले असल्यामुळे नव्या वाहनमार्गांची निकड आम्हांस कोणी शिकवावयास नको. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ही संख्या दृष्टीआड करून झाडांची कड घेणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मार्ग पाहिजेत. आमची शंका आहे ती 'भरपाई' या शब्दाविषयी.

भरपाई म्हटली की ती घेणारा कोणी तरी असावा लागतो. शेत गेले तर सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या हाती मोबदला पडतो; तो पुरेसा आहे की नाही याबद्दल तो भांडू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. परंतु पाराच्या सावलीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? दुपारी तेथे टेकणारा हमाल, शाळेतून परतणारी मुले, संध्याकाळी जमणारे चार म्हातारे या सर्वांची ती असते, आणि म्हणूनच हिशेबाच्या वहीत ती कोणाचीच नसते. तिच्याबद्दल रोपे लावली जातात, पण दहा-वीस कोसांवरच्या कुठल्याशा माळावर. ज्याचे गेले त्यास काही मिळत नाही, आणि ज्यास मिळते त्याचे काही गेलेले नसते. यास दान म्हणता येईल, वनीकरणही म्हणता येईल. भरपाई मात्र कशी म्हणावी?

मुंबईच्या आरे वसाहतीचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेलच. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत वसविली गेली. वारली लोकांचे पाडे तेथे आहेत. भुयारी मेट्रोच्या गाड्या ठेवण्यासाठी तेथील सुमारे ३३ हेक्टर जागा निवडण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे त्याच वर्षी सरकार बदलले व काम स्थगित झाले. २०२० साली जागा कांजूरमार्गास हलविण्याचे ठरले. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले व जागा पुन्हा आरेस आली. माणसांचे निर्णय असे तीनदा फिरले. झाडांना एकदाच पडता आले. निर्णय चुकीचाच होता असे आमचे म्हणणे नाही. जी गोष्ट फिरविता येत नाही ती करण्यास एक रात्र थांबावयाचीही कोणाची तयारी नव्हती, हे आम्हांस खुपते. तो मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण खुला झाला. आम्ही त्यातून प्रवास केला, तो सुखाचा झाला. हेही सांगितले पाहिजे.

कायद्यास याची जाणीव नाही असे नाही. वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या महाराष्ट्र कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावीत असा नियम झाला. हेतू स्तुत्य आहे. वय मोजले पाहिजे हे प्रथमच मान्य झाले. पण मोजून झाल्यावर त्याचे लगेच संख्येत रूपांतर झाले! साठ वर्षांच्या आजोबांच्या बदल्यात साठ तान्ही बाळे देऊ केल्यास घरातील मंडळी काय म्हणतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वास्तविक रस्ता आणि झाड यांचे वैर जुने नाही. रस्त्याकडेला वड लावविले, ते पशूंना व मनुष्यांना छाया देतील, असे अशोकाने स्तंभावर कोरवून ठेवले आहे. पायी चालणाऱ्याला व बैलाला सावली लागे, म्हणून झाड हा रस्त्याचाच एक भाग होता. मोटारीला ती लागत नाही. तेव्हापासून ते झाड आड येऊ लागले.

२०२० साली मिरजेजवळच्या भोसे गावी रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा देवळापुढचा एक प्रचंड वड जावयाचा होता. चारशे वर्षांचा म्हणून तो ओळखला जाई. गावकरी व वृक्षप्रेमी मंडळी उभी राहिली, केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे पोहोचले आणि आखणी बदलण्यात आली. वड काही अमर नसतो. वारा-पाऊस त्यास एके दिवशी नेतोच, आणि तसे जाण्याबद्दल कोणी कोणाकडे भरपाई मागत नाही. पण त्या वर्षी महामार्गाच्या नकाशावरील रेघ जराशी वाकली, आणि ज्यांच्या सांगण्यावरून ती वाकली, त्यांच्यापैकी एकाच्याही घरी त्या सावलीचा कागद नव्हता.