राहिलेल्या पुस्तकांची बाजू

१५ ऑक्टोबरच्या आगेमागे, म्हणजे वाचन प्रेरणा दिन जवळ आला की, मराठी माणूस वाचतो की नाही यावर लेख आणि परिसंवाद सुरू होतात. गेल्या काही वर्षांत त्यात पॉडकास्टचा मुद्दा येऊन मिळाला आहे. ‘वाचायचे कधीपासून मनात आहे’ अशा पुस्तकांवर तासभर गप्पा होतात, ते पॉडकास्ट. एक पक्ष म्हणतो, या गप्पा ऐकून लोकांना पुस्तक वाचल्याचे खोटे समाधान मिळते आणि होते नव्हते तेवढे वाचनही संपते. दुसरा म्हणतो, निदान पुस्तकांची नावे तरी कानावर पडतात, तेही नसे थोडके. दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता धरून चालतात, की पुस्तके दोनच जातींची असतात, वाचलेली आणि न वाचलेली. माझी हरकत तिथेच आहे.

तिसरी जात आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तीच जास्त आहे. २०१० साली नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी आली तेव्हा आवर्जून घेतलेली प्रत, जिची पहिली काही पाने झाली आणि मग घरातले लग्न, बदली, आजारपण यांत पुढचे राहून गेले. आजोबांची ज्ञानेश्वरी, निवृत्तीनंतर सावकाश वाचू म्हणून कापडात बांधून ठेवलेली. कॉलेजात एखाद्या शिक्षकाने ज्याच्याबद्दल इतक्या ओढीने सांगितले, की ते कधीतरी वाचायचेच असे त्या दिवशी ठरले, ते पुस्तक. जगातली लाखो पुस्तके मी वाचलेली नाहीत आणि त्यांचे मला काही वाटत नाही. राहिलेल्या पुस्तकाचे तसे नसते. ते कुणी सांगितले, का हवेसे वाटले, कुठे अडले, याला इतिहास असतो. त्या पुस्तकाशी माझे नाते सुरू झालेले असते, फक्त पुढे गेलेले नसते.

हा फरक ज्यांनी सर्वांत पद्धतशीरपणे पुसला, त्या पिएर बायार यांच्याशी थोडे सविस्तर भांडायला हवे. बायार हे पॅरिसमधले साहित्याचे प्राध्यापक आणि मनोविश्लेषक. न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कसे बोलावे, अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक २००७ साली आले आणि जगभर गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सुसंस्कृत असणे म्हणजे अमुक पुस्तक वाचलेले असणे नव्हे. ते पुस्तक इतर पुस्तकांच्या मेळ्यात कुठे बसते हे माहीत असणे. त्यासाठी ते रोबर्ट मुसिलच्या ‘द मॅन विदाऊट क्वालिटीज’मधल्या ग्रंथपालाचा दाखला देतात. हा ग्रंथपाल आपल्या अवाढव्य ग्रंथालयातले एकही पुस्तक उघडून वाचत नाही, सूची आणि अनुक्रमणिका तेवढ्या पाहतो; कारण एका पुस्तकात शिरलेल्या माणसाची सगळ्या पुस्तकांवरची नजर जाते, असे त्याला वाटते. पॉडकास्टचे समर्थन करणारे आज नेमके हेच म्हणतात, बायार यांचे नाव घेऊन किंवा न घेता: चाळीस मिनिटांत पुस्तकाची जागा कळली, आणखी काय हवे?

बायार यांच्या पुस्तकात थट्टेचा सूर आहे आणि त्यातला निवेदक म्हणजे स्वतः लेखक नव्हे, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते मी मान्यही करतो. शिवाय वाचनाभोवतीची लाज त्यांनी उघड्यावर आणली, हे चांगलेच केले. डेव्हिड लॉजच्या ‘चेंजिंग प्लेसेस’ या १९७५ च्या कादंबरीतला इंग्रजीचा प्राध्यापक एका खेळात जिंकण्यासाठी ‘हॅम्लेट’ वाचले नसल्याचे कबूल करतो, आणि पुढे नोकरी गमावतो. बायार या प्रसंगावर थांबतात ते योग्यच आहे. पण लाज ही चारचौघांतली गोष्ट. कुणी विचारणारच नसेल तर ती उरत नाही. राहिलेले पुस्तक मात्र कुणी विचारत नसतानाही आठवते. बायार यांनी लाजेवर औषध दिले आणि ओढही बरी झाली असे मानले.

याचा पुरावा त्यांच्याच वर्गीकरणात आहे. आपल्या पुस्तकात उल्लेख येणाऱ्या प्रत्येक ग्रंथापुढे ते एक खूण करतात. खुणा चार: अजिबात माहीत नसलेले, चाळलेले, ऐकून माहीत असलेले आणि वाचून विसरलेले. ‘वाचलेले’ अशी खूण ते ठेवत नाहीत, याची चर्चा पुष्कळ झाली. ‘वाचायचे आहे’ अशीही खूण त्यांच्याकडे नाही, हे मला त्याहून मोठे वाटते. चारही खुणा भूतकाळाकडे पाहतात. पुढे काय हवे आहे, हे विचारणारी एकही नाही. मुसिलच्या ग्रंथपालाला ही उणीव जाणवणारच नाही, कारण त्याला कुठलेच पुस्तक हवे नाही. इच्छाच नसलेल्या माणसाला आदर्श वाचक ठरवले, की इच्छा असलेल्यांचा प्रश्न मांडायचीही सोय उरत नाही.

आणि खुद्द बायार? त्यांनी १९९८ साली अगाथा क्रिस्टीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर एक अख्खे पुस्तक लिहिले, आणि त्यातल्या गुप्तहेर प्वारोने काढलेला निष्कर्ष टिकत नाही, खुनी दुसराच असू शकतो, असे मांडले. हे काम सूची पाहून होत नाही. कोण कुठल्या वाक्यात काय बोलले, काय बोलायचे टाळले, हे एकेक तपासल्याशिवाय त्या युक्तिवादाचे पहिले पाऊलही पडत नाही. ज्याने पुस्तकाच्या आत इतका मुक्काम केला, त्याने पुस्तकाची जागा कळली की पुरे, हे आपल्या वाचकांना सांगावे, हे मला पटत नाही.

बाकीच्या मतांवर थांबण्याचे कारण दिसत नाही. पंधरा मिनिटांत पुस्तकाचा सारांश देणारी ॲप वेळ वाचवतात, वाचन नव्हे. न वाचलेल्या पुस्तकांनी भरलेले कपाट हेच विचारी माणसाचे लक्षण, हा उंबेर्तो एकोंच्या संग्रहावरून निघालेला विचार ऐकायला छान आहे, पण तो पुस्तकांना कपाटातच ठेवतो.

मग पुस्तकाच्या आत असे काय आहे, जे त्याची जागा सांगून पोचत नाही? ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय घ्या. गीतेतल्या श्लोकात ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा हा एक शब्द येतो आणि श्लोक पुढे सरकतो. ज्ञानेश्वर त्या एका शब्दावर शंभराहून अधिक ओव्या थांबतात. अहिंसक माणूस जमिनीवर पाऊल कसे टाकतो, हे ते सांगू लागतात: कमळावर बसणारा भुंगा आतले केसर चुरगळेल या भीतीने पाय हलके टेकवतो, तसे, जमिनीच्या कणाकणात बारीक जीव असतील म्हणून. मग त्या माणसाचे बोलणे येते, पाहणे येते, हात येतात. ‘ज्ञानेश्वरांनी अहिंसेचा विस्तार केला’ हे वाक्य अगदी खरे आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. वाचणारा मात्र त्या ओव्यांतून जाताना हळू होतो. त्याची घाई कमी होते, आणि अहिंसा म्हणजे काय हे त्याला त्या मंद झालेल्या गतीतून कळते. इथे गती हाच आशय आहे. सारांश गती नेऊ शकत नाही, कारण गती मोडल्याशिवाय सारांश होतच नाही.

आपली परंपरा श्रवणाचीच, तेव्हा पॉडकास्ट म्हणजे नव्या काळाचे कीर्तन, असे यावर कुणी म्हणेल. साम्य आहे, पण म्हणणारे समजतात त्या जागी नाही. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याच्या एकेका चरणावर राहतो. ज्ञानेश्वरीवरचे प्रवचन काही ओव्यांपुरते असते. आणि संपूर्ण ग्रंथ ऐकायचा तर त्यासाठी पारायणाचा सप्ताह असतो. तिन्हीकडे ग्रंथाचे शब्द मोठ्याने उच्चारले जातात आणि श्रोत्यासमोर हजर असतात. प्रवचन ऐकून घरी आलेली बाई ‘आता ज्ञानेश्वरी झाली’ असे म्हणत नाही. उद्या पुढची ओवी आहे, हे तिला माहीत असते. आपल्या श्रवणाने ग्रंथाची बाकी कधी मिटवली नाही.

म्हणून पॉडकास्ट चांगले की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. खरा फरक आहे तो पुस्तकाविषयीचे ज्ञान सांगणे आणि एक वाचन ऐकवणे, यांत. बीबीसी रेडिओवरचा ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम १९९८ पासून मेल्विन ब्रॅग यांनी अनेक वर्षे चालवला. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास. तो उत्तम आहे, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण एखाद्या ग्रंथावर बोलणाऱ्या त्या अभ्यासकांचे पहिले वाचन कधीच मागे पडलेले असते. ग्रंथ त्यांच्या ताब्यात असतो. त्यांच्याकडून मिळते ते ज्ञान, आणि ज्ञान मिळाले की इच्छा पुष्कळदा शांत होते.

‘बॅकलिस्टेड’ हा २०१५ साली सुरू झालेला इंग्रजी पॉडकास्ट दुसऱ्या जातीचा. जॉन मिचिन्सन आणि अँडी मिलर यांनी तो जुन्या पुस्तकांवर बोलण्यासाठी सुरू केला. पाहुणा पुस्तक निवडतो, सगळे ते वाचून येतात, आणि बोलता बोलता त्यातला उतारा वाचून दाखवतात. यातल्या मिलर यांचा पूर्वेतिहास इथे महत्त्वाचा आहे. आपण वाचली आहेत असे ज्यांच्याबद्दल सांगत आलो, ती पुस्तके खरोखर वाचायची असे त्यांनी ठरवले, आणि बुल्गाकोव्हच्या ‘द मास्टर अँड मार्गारिटा’पासून सुरुवात करून ‘मिडलमार्च’, ‘मोबी डिक’ अशी पन्नास पुस्तके वाचली. २०१४ साली त्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे माईकपुढे बसलेला माणूस राहिलेल्या पुस्तकांकडूनच आलेला आहे. अशा माणसाच्या बोलण्यात पुस्तकाचा विरोध शिल्लक असतो: कुठे कंटाळा आला, कुठल्या प्रकरणात आपण चुकीचे समजत होतो, कुठे वाक्य इतके चांगले निघाले की मागे जाऊन पुन्हा वाचले. हे ऐकताना श्रोत्याला पुस्तक मिळत नाही, आणि ते मिळाल्याचा भासही होत नाही. त्यात शिरता येते, एवढे मात्र त्याला कळते.

मराठीत पुस्तकांवर बोलणारी जी मंडळी आहेत, त्यांची मेहनत मला दिसते. पण बहुतेक भागांची रचना ठरलेली असते: लेखकाचा परिचय, पुरस्कार, कथानक, ‘यातून आपण काय घ्यायचे’, आणि शेवटी पुस्तक जरूर वाचा असा आग्रह. ‘हिंदू’वर बोलायचे तर खंडेरावाची गोष्ट सांगून टाकू नये. ज्या ठिकाणी बहुतेकांचे वाचन अडते, तिथली दोन पाने मोठ्याने वाचावीत, मग आपण तिथून पुढे कसे गेलो ते सांगावे. गेलो नसलो तर तेही सांगावे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेवर बोलायचे तर त्यांच्या पतीचे १८९५ चे धर्मांतर आणि स्त्रीचे धैर्य यांवर अर्धा तास घालवण्यापेक्षा वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाबद्दल लक्ष्मीबाई जिथे हसत हसत लिहितात, ते एक पान वाचावे आणि एवढ्या जाचाबद्दल असा सूर कसा लागू शकतो, यावर बोलावे. तासाभरात एवढेच होईल. श्रोत्याच्या हाती पुस्तकाचे एक पान येईल आणि उरलेली सगळी पाने त्याची राहिलेलीच असतील.